‘ढ’ मुलगा आणि मेंदूचें शास्त्र

शाळेंत ज्या मुलाला वाचतां येत नाहीं, त्याला मराठींत एका अक्षराचें नांव मिळालेलें आहे. आपण त्याला ‘ढ’ म्हणतों. या नांवाचा उगम असा सांगतात कीं, अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत इतर अक्षरांनीं आपलीं रूपें पार बदललीं, परंतु ‘ढ’ मात्र दोन हजारांहून अधिक वर्षें जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यावर शिकवण्याचा कांहीं परिणाम होत नाहीं तो ‘ढ’. ही व्युत्पत्ति खरी असो वा कोणा गमत्या पंतोजीची असो, तिच्यांत एक निवाडा दडलेला आहे. जो मुलगा अक्षरांपाशीं अडला तो बुद्धीनेंच अडला, आणि त्याचें डोकें आतां बदलणारें नव्हे, असा तो निवाडा आहे.

गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत हा निवाडा फिरवला गेला. तो फिरवण्यांत वैद्यांचा हात होता, मानसशास्त्रज्ञांचा होता आणि आम्हां शाळामास्तरांच्या वर्गाचाहि होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगण्यास आणखी एक कारण आहे. आजकाल ‘मेंदूशास्त्रावर आधारलेलें शिक्षण’ हे शब्द पालकांच्या कानांवर वारंवार पडतात. मेंदूविषयींचें ज्ञान वर्गांत यावें हें योग्यच आहे. परंतु तें कोणत्या वाटेनें आलें असतां मुलाच्या उपयोगीं पडतें आणि कोणत्या वाटेनें आलें असतां त्याच्या बोकांडीं बसतें, हा विवेक मागचा इतिहास पाहिल्यावांचून करतां येत नाहीं.

प्रथम चुकीच्या वाटेची गोष्ट पाहूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना शहरीं फ्रान्झ योसेफ गाल नांवाचे वैद्य होते. मनाच्या निरनिराळ्या शक्ति मेंदूच्या निरनिराळ्या भागांत वसतात, जो भाग मोठा होतो तो कवटीला बाहेर ढकलतो, आणि म्हणून कवटीवरचे उंचवटे चाचपले असतां माणसाचे गुणदोष कळतात, असें त्यांचें प्रतिपादन होतें. त्यांच्या शिष्यांनीं हें मत इंग्लंड-अमेरिकेंत नेलें. एडिंबरोचे जॉर्ज कूम हे त्याचे मोठे प्रचारक. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या शिक्षणमंडळाचे १८३७ सालीं पहिले चिटणीस झालेले होरेस मॅन, ज्यांना त्या देशांतील सार्वजनिक शाळांचे जनक मानतात, तेहि या मताचे इतके भोक्ते होते कीं, त्यांनीं आपल्या एका मुलाचें नांव जॉर्ज कूम मॅन असें ठेवलें.

होरेस मॅन हे कांहीं भोळे गृहस्थ नव्हते. मग त्यांच्यासारख्याला या मताची भुरळ कां पडली? ज्यानें एकाच वर्गांत चाळीस मुलें बसवून शिकवलीं आहेत त्याला याचें उत्तर देतां येईल. तोच धडा, तोच फळा, तोच मास्तर. तरी एकाला येतें आणि दुसऱ्याला येत नाहीं. हा भेद कशानें पडतो, हें कोणी नकाशा काढून दाखवलें तर शिक्षकाला हायसें वाटतें. परंतु या नकाशाची परीक्षा वर्गांत कोणी घेतलीच नाहीं. उंचवटा असलेलीं मुलें आणि नसलेलीं मुलें यांना एकाच रीतीनें शिकवून काय फरक पडतो, हें पाहण्याची तसदी न घेतां कवटीवरून मुलाचें भविष्य वर्तवण्यांत आलें. गाल यांच्या मताचा अर्धा भाग, म्हणजे मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळीं कामें करतात हा, पुढें बऱ्याच अंशीं खरा ठरला. उरलेला अर्धा, म्हणजे कवटीचा, साफ खोटा निघाला. आणि शाळेपर्यंत पोंचला होता तो नेमका हा खोटा अर्धा.

खऱ्या शोधाची वाट पॅरिसच्या रुग्णालयांतून निघाली. १८६१ सालीं पॉल ब्रोका यांनीं एका रोग्याचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. हा रोगी कित्येक वर्षें ‘तान’ या एका ध्वनीखेरीज कांहीं बोलूं शकत नव्हता. त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. माणूस जिवंत असतांना त्याच्या कोणत्या शक्तीचा लोप झाला तें बारकाईनें नोंदावें, आणि मरणोत्तर मेंदूंत इजा कोठें झाली तें पाहावें, अशी ही रीत होती. हिला कवटी चाचपण्याची गरज नव्हती.

याच रीतीनें पुढें वाचनाचा शोध लागला. ऑक्टोबर १८८७ मध्यें पॅरिसमधील एका ६८ वर्षांच्या निवृत्त व्यापारी गृहस्थांना एके दिवशीं अकस्मात् वाचतां येईनासें झालें. त्यांना वाटलें, डोळ्यांना कांहीं झालें असावें. म्हणून ते लांडोल्ट नांवाच्या नेत्रवैद्यांकडे गेले. लांडोल्ट यांनीं त्यांना मज्जातंतूंच्या विकारांचे तज्ज्ञ जूल देजरीन यांच्याकडे पाठवलें. या गृहस्थांची स्थिति मोठी विलक्षण होती. ते स्वच्छ बोलत होते, दुसऱ्याचें बोलणें त्यांना समजत होतें. माणसें व वस्तु ते ओळखत. आंकडे वाचून हिशेबहि करीत. इतकेंच काय, सांगितलेला मजकूर ते आपल्या हातानें बरोबर लिहीत. पण स्वतः लिहिलेलें तें पान त्यांच्याच पुढें धरलें तर त्यांतला एक शब्दहि त्यांना वाचतां येत नसे. अक्षरें त्यांना दिसत होतीं. रोमन लिपींतील ‘ए’ हें अक्षर चित्रकाराच्या घोडीसारखें दिसतें, ‘झेड’ हें सापासारखें दिसतें, असें ते सांगत. परंतु तीं अक्षरें आहेत ही ओळख नाहींशी झाली होती. आणि त्याच अक्षरावरून हात फिरवला कीं तें कोणतें हें त्यांना चटकन् कळे.

हे गृहस्थ जानेवारी १८९२ मध्यें वारले. देजरीन यांनीं त्यांचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. डाव्या गोलार्धाचा मागचा, दृष्टीशीं संबंध असलेला भाग आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलाचा मागील अंश निकामी झाला होता. उजवा गोलार्ध अक्षर पाहत होता, परंतु तें वर्तमान डावीकडील भाषेच्या दालनांत पोंचवणारा रस्ताच तुटला होता.

या एका उदाहरणाचें महत्त्व शाळेच्या दृष्टीनें फार मोठें आहे. वाचन म्हणजे पाहणें नव्हे, बोलणें नव्हे आणि बुद्धिमत्ताहि नव्हे, हें त्यानें दाखवून दिलें. वाचन हें मेंदूंत बांधलेलें एक स्वतंत्र बांधकाम आहे, आणि बाकी सगळी इमारत शाबूत असतांना तेवढेंच ढासळूं शकतें. आतां पुढचा प्रश्न ओघानें येतो. जें म्हातारपणीं ढासळूं शकतें, तें एखाद्या मुलाच्या बाबतींत मुळांत उभेंच राहिलें नाहीं तर?

हा प्रश्न चारच वर्षांनीं कागदावर उतरला. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनीं १८९५ सालीं प्रौढ माणसांच्या अशा ‘शब्दांधत्वा’वर एक लेख लिहिला होता. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गांवचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांच्या वाचनांत आला, आणि त्यांना आपल्याकडील एका मुलाची आठवण झाली. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनीं त्याची हकीकत छापली. मुलाचें नांव पर्सी, वय वर्षें १४. सात वर्षांचा असल्यापासून तो शाळेंत किंवा शिकवणीला जात होता. हुशार, चपळ, खेळांत कोणापेक्षांहि कमी नाहीं. गणिताची त्याला आवड होती; तीन आंकडी संख्येला तीन आंकडी संख्येनें तो झटपट गुणून दाखवी. परंतु लहानांतले लहान शब्द वाचतांना तो अडखळे, आणि स्वतःचें नांव लिहितांनाहि त्यांतलीं अक्षरें मागेंपुढें करी. त्याचे डोळे निर्दोष होते. त्याला कोणतीहि इजा झालेली नव्हती.

मॉर्गन यांच्या त्या छोट्याशा लेखांत एक वाक्य डॉक्टरांचें नाहीं, तर शाळामास्तरांचें आहे. ज्या मास्तरांनीं पर्सीला कांहीं वर्षें शिकवलें होतें, त्यांचें मत मॉर्गन यांनीं नोंदून ठेवलें आहे. सर्व शिक्षण जर तोंडीच दिलें जात असतें, तर हा मुलगा शाळेंत सर्वांत चलाख ठरला असता, असा त्याचा आशय आहे. त्या मास्तरांना मेंदूची रचना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु मुलाच्या अडचणीची सीमा कोठें संपते, तें त्यांनीं अचूक हेरलें होतें. डॉक्टरांच्या शोधाला वर्गांतली ही साक्ष मिळाली नसती, तर पर्सीची गणना मंदबुद्धि मुलांत झाली असती, आणि वैद्यकाच्या इतिहासांत त्याचें नांवहि राहिलें नसतें.

हिन्शेलवुड यांनीं पुढें अशा मुलांच्या अनेक हकीकती गोळा केल्या आणि १९१७ सालीं जन्मजात शब्दांधत्वावर ग्रंथ लिहिला. दोष मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विवक्षित ठिकाणीं असावा, असा त्यांचा तर्क होता. परंतु या मुलांना सोडून द्यावें असें त्यांनीं म्हटलें नाहीं. त्यांना एकेकटें घेऊन शिकवावें, धडे लहान असावेत आणि वारंवार व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. तर्क मेंदूविषयींचा होता, पण सल्ला अगदी शाळेंतला होता.

यानंतर कथा अमेरिकेंत जाते. आयोवा संस्थानांतील मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनीं १९२५ च्या जानेवारींत एका ग्रामीण जिल्ह्यांत फिरता दवाखाना नेला आणि ज्या मुलांच्या अभ्यासाविषयीं शिक्षकांची तक्रार होती त्यांना तपासलें. त्यांत १६ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला वाचतां येत नव्हतें, पण त्याची समज चांगली होती. वाचनावर विसंबलेल्या बुद्धिमापनाच्या कसोट्या अशा मुलावर अन्याय करतात, हें ऑर्टन यांनीं तेव्हांच लिहून ठेवलें. मग त्यांनीं एक उपपत्ति मांडली. प्रत्येक शब्दाचें चित्र दोन्ही गोलार्धांत उमटतें, पण एकांत सुलटें आणि दुसऱ्यांत आरशांतल्यासारखें उलटें. एरव्हीं डावा गोलार्ध वरचढ होऊन उलटें चित्र दाबून टाकतो. ज्या मुलांत हा वरचढपणा नीट प्रस्थापित होत नाहीं, त्यांच्या डोळ्यांपुढें सुलट-उलट चित्रांचा गोंधळ होतो. इंग्रजींतील लहान लिपीचीं ‘बी’ आणि ‘डी’ हीं अक्षरें आरशांतल्या जोडीसारखीं आहेत. मुलें त्यांचा घोटाळा करतात तो यामुळेंच, असें त्यांचें म्हणणें होतें.

ऑर्टन केवळ उपपत्ति मांडून थांबले नाहींत. ॲना गिलिंगहॅम या अनुभवी शिक्षणतज्ज्ञ बाईंनीं त्यांच्याबरोबर काम केलें, आणि बेसी स्टिलमन या शिक्षिकेच्या साहाय्यानें १९३० नंतरच्या दशकांत शिकवण्याची एक पद्धति बसवली. त्या काळीं अमेरिकन शाळांत सबंध शब्द चित्रासारखा ओळखण्याची पद्धत बोकाळत होती. या बाईंनीं त्याच्या उलट केलें. एकेक अक्षर आणि त्याचा ध्वनि यांची गांठ घालावयाची. अक्षर डोळ्यांनीं पाहावें, त्याचा ध्वनि कानांनीं ऐकावा, तोंडानें उच्चारावा आणि हातानें तें गिरवावें. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीवर पाऊल ठेवूं नये. आपल्याकडील जुन्या पिढीला यांत कांहीं अपूर्व वाटणार नाहीं. धुळाक्षरें गिरवतांना तोंडानें तें अक्षर मोठ्यानें म्हणावयाचें, ही आपल्या पंतोजींची रीत होतीच.

आतां या कथेंतील सर्वांत बोधप्रद भाग येतो. ऑर्टन यांची उपपत्ति टिकली नाहीं, पण तिच्या सावलींत वाढलेल्या शिकवणींतील मुख्य तत्त्व टिकलें. न्यूयॉर्क संस्थानांतील फ्रँक व्हेलुटिनो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एक साधा प्रयोग केला. वाचनांत मागें असलेलीं आणि चांगलें वाचणारीं अशीं दोन्ही प्रकारचीं मुलें घेतलीं, आणि त्यांना अगदी अपरिचित अशा हिब्रू लिपींतील अक्षरें थोडा वेळ दाखवून आठवणीनें काढावयास सांगितलीं. दोष जर दृष्टींतल्या उलटसुलट चित्रांचा असता, तर मागासलेलीं मुलें येथेंहि मागें पडावयास हवीं होतीं. तीं पडलीं नाहींत. म्हणजे या मुलांचें पाहणें ठीक होतें. अडचण दुसरीकडे होती.

ती कोठें होती? ती होती ध्वनीकडे. अमेरिकेंतील कनेक्टिकट येथें इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं लहान मुलांकडून एक खेळ करून घेतला. शब्द ऐकावयाचा आणि त्यांत जितके तुकडे असतील तितके टोले लांकडी दांडीनें मेजावर मारावयाचे. शब्दाचे मोठे अवयव मोजणें चार वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४६ जणांना जमलें. परंतु सुटे वर्णध्वनि मोजणें त्या वयाच्या एकालाहि जमलें नाहीं; पांच वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा १७ जणांना जमलें, आणि शाळेंत पहिलें वर्ष काढलेल्या सहा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ७० जणांना. बोललेला शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला आहे ही जाणीव आपोआप येत नाहीं, ती बव्हंशीं शिकावी लागते. आणि ज्या मुलांना ती येत नाहीं त्यांना अक्षर कशाचें चिन्ह आहे हेंच उमगत नाहीं.

तरीहि शंका उरतेच. ध्वनि ओळखतां न येणें हें न वाचतां येण्याचें कारण, कीं परिणाम? या शंकेचें उत्तर ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनीं १९८३ सालीं दिलें. अजून वाचूं न लागलेल्या सुमारें ४०० मुलांची त्यांनीं ध्वनि ओळखण्याची शक्ति तपासली आणि पुढें चार वर्षांपर्यंत त्यांच्या वाचनावर लक्ष ठेवलें. शिवाय त्यांतील कमकुवत अशा ६५ मुलांचे चार गट पाडले. एका गटाला दोन वर्षांत ४० वेळां शब्दांतले ध्वनि जुळवण्याचे धडे दिले. दुसऱ्याला तेच धडे देऊन शिवाय प्लॅस्टिकच्या अक्षरांशीं त्या ध्वनींची सांगड घालून दाखवली. तिसऱ्या गटाला चित्रांचें अर्थावरून वर्गीकरण शिकवलें. चौथ्याला निराळें कांहींच दिलें नाहीं. ध्वनि आणि अक्षर यांची सांगड शिकलेला दुसरा गट वाचनांत सर्वांच्या पुढें गेला. तिसरा गट येथें मुद्दाम ठेवला होता हें ध्यानांत घ्या. मुलाकडे कोणी लक्ष दिलें एवढ्यानेंच तें सुधारतें कीं त्या विशिष्ट धड्यानें सुधारतें, हें त्याच्यावांचून कळलें नसतें. गाल यांच्या अनुयायांनीं जी परीक्षा घेतली नव्हती, ती ही.

यानंतर पुन्हा मेंदूकडे वळूं. १९९० च्या सुमारास जिवंत, निरोगी माणसाच्या मेंदूचा कोणता भाग केव्हां अधिक काम करतो, हें चुंबकीय यंत्रानें पाहणें शक्य झालें. देजरीन यांना चार वर्षें थांबून जें मृत्यूनंतर पाहावें लागलें, तें आतां माणूस वाचत असतांना दिसूं लागलें. पॅरिसमधील लोरां कोएन आणि स्तानिस्लास देहान यांनीं २००० सालीं डाव्या गोलार्धाच्या तळाशीं, मागच्या बाजूस, लिहिलेला शब्द ओळखणारें एक ठिकाण निश्चित केलें. पुढें २०१० सालीं देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ब्राझील व पोर्तुगाल येथील ६३ प्रौढांची तपासणी केली. त्यांत कांहीं निरक्षर होते, कांहीं बालपणीं शिकलेले, तर कांहीं मोठेपणीं साक्षर झालेले होते. वाचनाचें कौशल्य जितकें अधिक, तितकें तें ठिकाण अक्षरांना अधिक प्रतिसाद देत होतें. आणि मोठेपणीं शिकलेल्यांच्याहि मेंदूंत हा बदल झालेला होता. म्हणजे वाचनाचें हें दालन जन्मतः सजवून ठेवलेलें नसतें. वस्तु आणि चेहरे ओळखण्यासाठीं असलेल्या जागेंतून शाळा तें तयार करते. ‘बी’ आणि ‘डी’ यांच्या घोटाळ्याचाहि अर्थ आतां निराळा लागतो. झाडावरचें माकड डावीकडे तोंड करून बसलें काय किंवा उजवीकडे काय, तें माकडच. म्हणून डोळ्यांमागील यंत्रणा डावें-उजवें एकच धरते. अक्षरांपुरती ही संवय मोडावी लागते, आणि ती मोडेपर्यंत कित्येक मुलें चुकतात. त्यांत रोग कांहीं नाहीं.

परंतु नव्या यंत्राबरोबर जुनी भुरळहि परत आली. मेंदूचे दोन गोलार्ध वेगळे केलेल्या रोग्यांवर रॉजर स्पेरी यांनीं केलेल्या संशोधनाला १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचा विपर्यास करून ‘डाव्या मेंदूचीं मुलें गणिती आणि उजव्या मेंदूचीं कलावंत’ असा सिद्धान्त बाजारांत मांडला गेला. गाल यांच्या उंचवट्यांचेंच हें नवें रूप. निरोगी मुलाचे दोन्ही गोलार्ध सतत एकमेकांशीं बोलत असतात. २००२ सालीं राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेनें अशा समजुतींना ‘मेंदूविषयींच्या दंतकथा’ ठरवून शिक्षकांना सावध केलें. त्याआधीं १९९७ सालीं जॉन ब्रूअर या अमेरिकन पंडितानें नेमकें मर्म सांगितलें होतें. मेंदूपासून थेट वर्गापर्यंत एकच पूल बांधणें हें आवांक्याबाहेरचें आहे. मध्यें मनोव्यापारांचें शास्त्र आहे, आणि त्याच्या दोहों बाजूंस दोन पूल आधींच उभे आहेत, ते वापरावे. वाचनाची कथा या दोन पुलांवरूनच आली, हें आपण आतां पाहिलें.

आपल्या लिपीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्रजींत एका ध्वनीला अनेक लेखनरूपें आणि एका अक्षराला अनेक ध्वनि आहेत. तो त्रास मराठींत फार थोडा आहे. परंतु आपल्याकडील अडचणी निराळ्या आहेत. व्यंजनांत ‘अ’ मुरलेला असतो, काना, मात्रा, वेलांट्या अक्षराच्या चारी बाजूंस लागतात, ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची आधीं आणि उच्चारावयाची नंतर, शिवाय जोडाक्षरें. म्हणून इंग्रजी मुलांसाठीं केलेली कसोटी जशीच्या तशी मराठी मुलाला लावणें अन्यायाचें आहे. हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदूसंशोधन केंद्रानें ही उणीव ओळखून २०१५ सालीं भारतीय भाषांसाठीं डिस्लेक्सियाच्या तपासणीचीं साधनें तयार केलीं. हिंदी, कन्नड आणि इंग्रजी यांच्याबरोबर तीं मराठींतहि आहेत. लखनौजवळच्या खेड्यांतील सुमारें ३० निरक्षर प्रौढांचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्यांना सहा महिने देवनागरी शिकवली, त्यांच्या मेंदूच्या खोल भागांच्या परस्परसंबंधांतहि फरक दिसला. संख्या लहान आहे, म्हणून तिच्यावर मोठी इमारत उभारूं नये. परंतु शिकण्याचें वय उलटलें असें म्हणणाऱ्यांनीं ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्र शासनानें १९९६ सालीं अशा मुलांना परीक्षेंत सवलती देण्याचें मान्य केलें, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें देशभर या अडचणीला मान्यता मिळाली. मॉर्गन यांच्या लेखापासून या कायद्यापर्यंत १२० वर्षें गेलीं. या अवधींत किती पर्सी मागच्या बांकावर बसून शाळेंतून निघून गेले, त्याची नोंद कोणाच्याच हजेरीपटांत सांपडणार नाहीं. सवलत म्हणजे शिक्षण नव्हे, हेंहि विसरतां कामा नये. परीक्षेंत लेखनिक दिला म्हणून वाचावयास शिकवण्याचें कर्तव्य संपत नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, मेंदूच्या नांवानें कांहीं नवीन आपल्या दारीं आलें, तर तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, या उपायाची परीक्षा मुलांवर झाली आहे काय, कीं केवळ मेंदूच्या रंगीत चित्रावर? दुसरी, ज्यांना तो उपाय दिला नाहीं अशा मुलांशीं तुलना करून पाहिली आहे काय? आणि तिसरी, हें ज्ञान मुलासाठीं एखादा निराळा धडा सुचवतें, कीं त्याच्या कपाळीं नुसतें एक नवें नांव चिकटवतें? ऑर्टन यांची उपपत्ति चुकूनहि मुलांचें नुकसान झालें नाहीं, कारण तिच्याबरोबर धडा आला होता आणि तो धडा वर्गांत तपासतां येत होता. गाल यांच्या उंचवट्यांबरोबर फक्त नांवें आलीं होतीं.

घरीं करतां येण्याजोगें असें थोडेंसें यांतून निघतेंच. लहान मुलाशीं शब्दांचे खेळ खेळावे. ‘कमळ’ या शब्दांत आधीं काय ऐकूं येतें, शेवटीं काय, हें त्याला विचारावें. आपल्या घरोघरच्या भेंड्याहि शेवटचें अक्षर कानानें पकडावयासच लावतात. अक्षर शिकवतांना तें दाखवावें, म्हणावें आणि गिरवून घ्यावें. आणि एवढें करूनहि पहिली-दुसरी संपत आली तरी चलाख मूल वाचनाशींच अडत असेल, तर त्याला रागें न भरतां तज्ज्ञाकडे न्यावें. त्याआधीं शिक्षकाला एक प्रश्न मात्र जरूर विचारावा : तोंडी विचारलें तर याला किती येतें? सीफर्डच्या त्या मास्तरांनीं याच प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें होतें. त्या उत्तरामुळें ‘ढ’ या निवाड्याविरुद्धची पहिली साक्ष नोंदली गेली.